मीटर रूममधला दुसरा धोका

सोसायटीच्या फलकावर नोटीस लागते : ‘मेन पॅनलच्या दुरुस्तीसाठी रविवारी सकाळी १० ते २ या वेळेत वीजपुरवठा बंद राहील.’ नोटीस लागते न लागते तोच सेक्रेटरींचा फोन वाजू लागतो. कुणाच्या घरी पूजा आहे, कुणाच्या मुलीची ऑनलाइन परीक्षा आहे, चौथ्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टशिवाय खाली येऊ शकत नाहीत. शेवटी कुणीतरी तोडगा सुचवतो, ‘अहो, वायरमन अनुभवी आहे. दोन बोल्ट तर आवळायचेत. चालू लाइनवरच करून घ्या की!’ सगळ्यांनाच हायसे वाटते. वायरमनही ‘हो’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटले तर पुढचे काम दुसऱ्याला जाईल हे त्याला ठाऊक असते.

अशी कामे बहुतेक वेळा सुखरूप पार पडतात. म्हणूनच त्यातला धोका कुणाच्या लक्षात येत नाही. सध्या मात्र तो लक्षात घेण्याची गरज वाढली आहे. जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवण्याचे काम राज्यभर सुरू आहे. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर येत आहेत. प्रत्येक घरात दोन-तीन एसी झाले आहेत आणि २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर छतावरच्या सौर पॅनलची वीजही याच खोलीत उतरू लागली आहे. पुनर्विकासात चार मजल्यांच्या जागी वीस-पंचवीस मजले उभे राहतात आणि त्यांच्यासाठी आवारातच मोठा ट्रान्सफॉर्मर बसतो. थोडक्यात, मीटर रूममधली वीज वाढली आणि तिथे हात घालणाऱ्यांची ये-जाही वाढली.

शॉक नव्हे, आर्क

विजेचा धोका म्हटला की आपल्याला शॉक आठवतो. तो धोका खराच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. पण इमारतीत वीज जिथे शिरते, त्या मुख्य पॅनलपाशी आणखी एक धोका असतो. त्याला आर्क फ्लॅश म्हणतात. यात माणसाचा तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही.

तीन फेजच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे बसबार, एकमेकींपासून काही सेंटीमीटरवर असतात. त्यांच्यामध्ये पाना किंवा स्क्रूड्रायव्हर पडला, उंदीर किंवा पाल शिरली, सैल झालेला लग तापून तुटला किंवा ओल आणि धूळ साचून त्यातून वीज वाहू लागली, की मधली हवा स्वतःच वीजवाहक बनते. पडलेला पाना क्षणात वितळून जातो, पण त्याने पेटवलेली ज्योत उरते. तिच्या टोकांशी तापमान सुमारे १९ हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते असे मानले जाते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेपाच हजार अंश आहे. तांब्याची वाफ झाली की त्याचे आकारमान सुमारे ६७ हजार पट होते. त्यामुळे पत्र्याच्या पेटीत पेटलेली ही ज्योत स्फोटासारखी बाहेर येते. समोर उभ्या असलेल्या माणसावर प्रखर प्रकाश, वितळलेल्या धातूचे थेंब, तापलेले वायू आणि दाबाचा धक्का हे सगळे एकाच वेळी आदळते. चेहरा, मान आणि हात भाजतात, डोळ्यांना इजा होते, कानाचा पडदा फाटू शकतो आणि गरम वायू श्वासात गेला तर श्वसनमार्ग सुजतो.

‘घरात आरसीसीबी आणि एमसीबी आहेत, मग काळजी कशाला?’ असे अनेकांना वाटते. ही उपकरणे आपल्या घरापुरती असतात आणि मुख्य पॅनलच्या पुढे, आपल्या बाजूला बसवलेली असतात. पॅनलमध्येच आर्क झाला तर त्यांना त्याची खबरही लागत नाही. शिवाय आरसीसीबी जमिनीकडे होणारी गळती ओळखते, फेज-फेजमधला आर्क नाही. तो ओळखायचे काम पॅनलच्या मागे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला असलेल्या फ्यूजचे किंवा ब्रेकरचे असते. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

१.२ कॅलरीची रेषा

या धोक्याचे माप काढण्याचा पाया वीज अभियंत्यांनी घातला नाही, तो भाजण्याच्या अभ्यासातून आला. अमेरिकी नौदलासाठी संशोधन करणाऱ्या ॲलिस स्टोल यांनी १९५०-६०च्या दशकांत त्वचेवर किती उष्णता किती वेळ पडली तर फोड येतो, याचे प्रयोग केले. त्यांतून पुढे एक आकडा रूढ झाला : प्रति चौरस सेंटीमीटर १.२ कॅलरी. एवढी उष्णता झटक्यात उघड्या त्वचेवर पडली, तर दुसऱ्या दर्जाचे, म्हणजे फोड येणारे भाजणे सुरू होते. ही आहारातली कॅलरी नव्हे, तिचा हजारावा भाग.

ही उष्णता किती? भर दुपारच्या उन्हात हात धरला तर साधारण ५० सेकंदांत तेवढीच उष्णता त्यावर पडते, आणि आपल्याला काही होत नाही. कारण तेवढ्या वेळात रक्त ती वाहून नेते आणि त्वचा ती बाहेर टाकते. आर्कमध्ये तीच उष्णता सेकंदाच्या लहानशा भागात पडते आणि त्वचेला सावरायला वेळच मिळत नाही. उष्णता किती पडली याबरोबरच ती किती वेळात पडली यावर भाजणे ठरते.

१९८२ साली राल्फ ली या अमेरिकी अभियंत्याने एका शोधनिबंधात आर्कमुळे भाजण्याला विजेचा ‘दुसरा धोका’ म्हटले आणि त्याचे गणित मांडले. तोवर या जखमा शॉकच्याच खात्यात जमा होत. पुढे प्रयोगशाळांत प्रत्यक्ष आर्क पेटवून मोजमापे झाली आणि २००२ साली आयईईई १५८४ हे मार्गदर्शक मानक आले. २०१८ साली अठराशेहून अधिक चाचण्यांच्या आधारे त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पट्ट्या उभ्या आहेत की आडव्या, पेटी किती मोठी आहे, याने किती फरक पडतो हे त्यातून स्पष्ट झाले. पट्ट्यांची टोके माणसाच्या दिशेने असतील तर ज्योत थेट त्याच्या अंगावर येते.

एक हिशेब

एक उदाहरण घेऊ. आवारात ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. तो ११ हजार व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर आणतो. पूर्ण भार असताना त्यातून सुमारे ८४० अँपिअर करंट वाहतो. त्याचा अंतर्गत अवरोध ५ टक्के धरला, तर त्याच्या टोकाशी शॉर्टसर्किट झाल्यास करंट वीसपट, म्हणजे जवळजवळ १७ हजार अँपिअर होईल. हा पहिला आकडा.

आर्क म्हणजे घट्ट जोडलेले शॉर्टसर्किट नव्हे. मधल्या ज्योतीलाही स्वतःचा अवरोध असतो. त्यामुळे प्रत्यक्ष करंट कमी असतो. २००२च्या सूत्राने तो इथे सुमारे ९ हजार अँपिअर येतो. हा दुसरा आकडा.

तिसरा आकडा अंतराचा. पॅनलवर काम करणाऱ्याचा चेहरा आणि छाती ज्योतीपासून साधारण ४५ सेंटीमीटरवर असतात असे धरतात. चौथा आकडा वेळेचा, म्हणजे मागचा फ्यूज किंवा ब्रेकर वीज तोडायला किती वेळ घेतो याचा.

पहिले तीन आकडे तेच ठेवून फक्त वेळ बदलून पाहू. वीज ०.०५ सेकंदात तुटली तर त्या माणसावर प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे दीड कॅलरी पडते. भाजेल, पण बहुधा सावरेल. ०.२ सेकंद लागले तर ६ कॅलरी. दोन सेकंद लागले तर ६० कॅलरी! ट्रान्सफॉर्मर तोच, पॅनल तेच आणि माणूसही तोच. वेळ चाळीसपट झाला, उष्णताही चाळीसपट झाली.

दोन सेकंद ही अतिशयोक्ती आहे का? या गणितात दोन सेकंद ही कमाल मर्यादा धरण्याची पद्धत आहे, कारण तेवढ्यात माणूस मागे फेकला जाईल किंवा पळेल असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडच्या मीटर रूममध्ये मागे भिंत असते, दाराशी जुनी सायकल असते आणि कोपऱ्यात मागच्या वर्षीचे गणपतीचे मखर असते. याच हिशेबाने दोन सेकंदांच्या आर्कमध्ये फोड येण्याइतकी उष्णता सुमारे पाच मीटरपर्यंत पोहोचते. अनेक मीटर रूमची लांबीच तेवढी नसते. म्हणजे टॉर्च धरून मागे उभा असलेला वॉचमन किंवा ‘काय झालं’ म्हणून दारातून डोकावणारे सेक्रेटरीही त्या वर्तुळात येतात.

कमी करंट, जास्त इजा

या हिशेबातली सर्वांत फसवी गोष्ट अशी, की करंट कमी म्हणजे धोका कमी, असे नसते. फ्यूजचा स्वभाव लक्षात घ्या. करंट जितका मोठा, तितका तो लवकर वितळतो. करंट मध्यम असेल तर तो रेंगाळतो.

समजा, दुसरी इमारत ट्रान्सफॉर्मरपासून दूर आहे. लांब केबलमुळे तिथला शॉर्टसर्किट करंट फक्त ४ हजार अँपिअर आहे आणि आर्कचा करंट सुमारे २,८०० अँपिअर. एवढ्या करंटला मागचा फ्यूज एक सेकंद घेतो असे धरले, तर माणसावर साडेआठ कॅलरी पडते. पहिल्या इमारतीत ९ हजार अँपिअरचा आर्क असूनही फ्यूज ०.०२ सेकंदात उडाला, तर उष्णता एक कॅलरीच्याही आत राहते. मोठ्या ट्रान्सफॉर्मरशेजारचा माणूस वाचतो आणि दूरच्या, ‘कमजोर’ लाइनवरचा माणूस गंभीर भाजतो.

म्हणूनच ‘जास्तीत जास्त किती करंट येईल ते धरा, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला’ हा अभियंत्यांचा नेहमीचा ठोकताळा इथे चालत नाही. ब्रेकर किती ताकदीचा घ्यायचा हे ठरवताना तो बरोबर आहे. आर्कच्या उष्णतेचा अंदाज घेताना मात्र जास्तीत जास्त आणि कमीत कमी, दोन्ही करंट धरून हिशेब करावा लागतो आणि वाईट निघेल तो मानावा लागतो.

इमारतीत वीज शिरते ती जागा या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. मुख्य स्विचच्या पुढे काही बिघडले तर निदान तो स्विच किंवा त्यातला ब्रेकर उडेल. पण स्विचच्या अलीकडे, येणाऱ्या केबलच्या टोकाशी आर्क झाला तर आपल्या इमारतीतले कोणतेच उपकरण तो थांबवू शकत नाही. ते काम ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या, ११ हजार व्होल्टच्या बाजूच्या फ्यूजवर किंवा रिलेवर पडते. आपल्या उदाहरणातला ९ हजार अँपिअरचा आर्क त्या बाजूला फक्त साडेतीनशे अँपिअरचा दिसतो, कारण व्होल्टेज पंचवीसपट जास्त असल्याने करंट तेवढ्याच पटीने कमी असतो. त्या फ्यूजला हा मोठा अपघात असल्याचे पटायला वेळ लागू शकतो. आणि इकडे मेन स्विच ‘ऑफ’ केला म्हणून वायरमन निर्धास्त असतो, तेव्हाही स्विचच्या येणाऱ्या बाजूची टोके जिवंतच असतात.

आकडे कुणाकडे आहेत?

हा अंदाज काढायला लागणारी अर्धी माहिती ग्राहकाकडे नसतेच. ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा, त्याचा अवरोध किती टक्के, केबल किती लांब आणि किती जाड, मागचा फ्यूज कोणता, रिले कितीवर लावला आहे, हे वीज वितरण कंपनीला माहीत असते. पॅनलमध्ये काय आहे हे ठेकेदाराला माहीत असते. ज्याचा चेहरा पॅनलसमोर असतो, त्याला यातले काहीच माहीत नसते.

अमेरिकेत २०१७च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १,२०० अँपिअर किंवा त्याहून मोठ्या मुख्य पॅनलवर व्होल्टेज, उपलब्ध शॉर्टसर्किट करंट, वीज तुटायला लागणारा वेळ आणि तारीख लिहिलेले लेबल लावणे सक्तीचे केले. म्हणजे हिशेबाचे कच्चे आकडे पॅनलच्या दारावरच मिळतात. तिथेही ही सक्ती राहत्या घरांना नाही. पण तिथली घरे बहुतेक लहान आणि स्वतंत्र. आपल्याकडे ‘घर’ म्हणजे दोनशे फ्लॅटचा टॉवर आणि त्याचे मुख्य पॅनल एखाद्या छोट्या कारखान्याच्या तोडीचे. त्याला घरगुती म्हणून सूट देणे हे नावावरून धोका ठरवण्यासारखे आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत १५ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्यांत विद्युत निरीक्षकांचा सहभाग आहे आणि पुरवठा सुरू होतो तिथे सहज हात पोहोचेल असा, संपूर्ण वीज तोडणारा मुख्य स्विच हवा असे सांगितले आहे. २०२३ साली ही नियमावली नव्याने आली. पण निवासी इमारतीच्या पॅनलसमोर उभ्या माणसावर किती कॅलरी पडेल, हा हिशेब आपल्याकडे सहसा कुणी करत नाही. नोंदीतही ही जखम हरवते. अपघाती मृत्यूंच्या राष्ट्रीय अहवालात विजेचा धक्का हा एक रकाना आहे आणि आगीच्या कारणांत शॉर्टसर्किट हा दुसरा. आर्कने भाजलेला माणूस यांतल्या कोणत्यातरी रकान्यात जातो आणि जो वाचतो तो कुठेच जात नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी पैसेही मंजूर होत नाहीत.

सोसायटीने काय करावे?

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वीज बंद करणे. आर्कला वीज लागते. ती नसेल तर सगळा हिशेब शून्य होतो. मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला काम असेल तर वितरण कंपनीकडून रीतसर शटडाऊन घ्यावा, बंद केलेल्या स्विचला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवावी आणि वीज खरोखर गेली आहे हे तपासूनच हात घालावा. जनरेटर, इन्व्हर्टर आणि सौर यंत्रणा हे विजेचे मागचे दरवाजे आहेत. तेही बंद करावे लागतात.

वीज गेल्याची तपासणी करण्याचे कामही जोखमीचे असते, कारण त्या क्षणी वीज असू शकते. त्यासाठीचा मीटर कॅट-४ दर्जाचा हवा. पुरवठा इमारतीत शिरतो त्या जागेसाठीच तो दर्जा आहे. रस्त्यावर दोनतीनशे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर बसबारवर टेकवणे म्हणजे स्वतःच आर्क पेटवण्याची जोखीम घेणे. अंगात पॉलिएस्टरचा शर्ट नको. तो वितळून त्वचेला चिकटतो. जाड सुती कपडा वितळत नाही, पण पेट घेऊ शकतो. आर्कसाठी चाचणी केलेले कपडे आणि चेहरा झाकणारे कवच मिळते. त्यावर किती कॅलरीपर्यंत टिकेल तो आकडा लिहिलेला असतो. आपल्या पॅनलचा आकडाच माहीत नसेल, तर कोणते कवच पुरेल हे ठरवायचे कसे?

म्हणून दुसरी गोष्ट, आकडे मागणे. लोड वाढवताना, चार्जर किंवा सौर यंत्रणा जोडताना किंवा पुनर्विकासाचा करार करताना वितरण कंपनीला लेखी पत्र देऊन मुख्य पॅनलपाशी उपलब्ध असलेला जास्तीत जास्त आणि कमीत कमी शॉर्टसर्किट करंट आणि मागच्या संरक्षणाचा तपशील मागावा. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून हिशेब करून घ्यावा आणि तो पॅनलच्या दारावर तारखेसह चिकटवावा. ट्रान्सफॉर्मर बदलला की आकडे बदलतात, हे विसरू नये. नवीन मोठे पॅनल घेताना आर्कचा उजेड ओळखून वीज तोडणाऱ्या रिलेची चौकशी करावी. ते स्वतः काही हजारांश सेकंदांत आर्क ओळखतात, पुढे ब्रेकर उघडायला लागतो तेवढाच वेळ.

तिसरी गोष्ट देखभालीची. वर्षातून एकदा पूर्ण भार असताना इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पॅनल तपासले, तर तापलेला सांधा स्फोट होण्याआधी दिसतो. केबल शिरते ती भोके बुजवावीत म्हणजे उंदीर येत नाहीत. मीटर रूम ही अडगळीची खोली नव्हे. महाराष्ट्रात २००६च्या कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणेचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यावाच लागतो. त्याच वेळी या खोलीचे दार उघडून पाहिले तरी पुष्कळ होईल.

आणि तरीही अपघात झालाच तर? वीज तुटल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. कपडे पेटले असतील तर माणसाला जमिनीवर लोळवावे किंवा जाड सुती चादरीने विझवावे. अंगठी, घड्याळ, कडे लगेच काढावे, नंतर सुजेमुळे निघत नाहीत. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये. चेहरा भाजला असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल तर श्वासनलिका सुजण्याचा धोका असतो. अशा रुग्णाला थेट भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात न्यावे. तिथे पोहोचल्यावर ‘भाजला’ एवढेच न सांगता ‘विजेच्या पॅनलसमोर भाजला’ असे सांगावे, म्हणजे डॉक्टर हृदय, डोळे आणि कानही तपासतील.

राहिला रविवारचा शटडाऊन. चार तास वीज नसणे ही सगळ्या इमारतीने वाटून घेतलेली गैरसोय आहे. चालू लाइनवरचे काम म्हणजे तीच गैरसोय टाळण्यासाठी एका माणसाच्या चेहऱ्यावर टाकलेली जोखीम. दोनशे कुटुंबांना आधी कळवता येते, पूजेची वेळ बदलता येते, आजोबांना आदल्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवता येते. पॅनलसमोर उभ्या राहणाऱ्याला मात्र ०.२ सेकंदात काहीच बदलता येत नाही. त्यामुळे पुढच्या बैठकीत कुणी ‘चालू लाइनवरच करून घ्या’ म्हटले, तर सेक्रेटरींनी एवढेच विचारावे, ‘आपल्या पॅनलचा आकडा किती?’ उत्तर येत नसेल तर वीज बंद करूनच काम करायचे, हे ठरून जाते.